शाळेत शेंगदाण्यावर बंदी नको, पण अ‍ॅड्रेनलिन हाताशी हवं

अकरावी कोथरूड
मला शेंगदाणा आणि तीळ, दोन्हींची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. पुण्यातल्या शाळांनी अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी लेखी व्यवस्था करावी म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणी मुख्याध्यापकांना भेटतोय, निवेदनं देतोय. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो, "मग काय शेंगदाण्यावर बंदी घालायची?"

नाही. कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, सगळ्यात कूट असतं. ते बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. प्रवेश अर्जात अ‍ॅलर्जीचा रकाना असावा आणि तो भरल्यावर माहिती फायलीत पडून न राहता वर्गशिक्षिका, मावशी आणि व्हॅनवाले काका यांच्यापर्यंत पोचावी. वाढदिवसाला, संक्रांतीला वर्गात काय वाटणार ते पालकांना आदल्या दिवशी कळावं. आणि ज्या मुलाच्या जिवाला धोका आहे त्याचं औषध कुलपात न ठेवता हाताशी असावं, शाळेत निदान दोघांना ते टोचता यावं.

सगळ्यात महत्त्वाची मागणी ही शेवटचीच. तीव्र रिअ‍ॅक्शनमध्ये घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. खाज थांबवणारी सेट्रिझिनची गोळी तिथे पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि तेही ताबडतोब. माझ्या शाळेतली प्रथमोपचार पेटी मी उघडून पाहिली होती. कापूस, आयोडीन, क्रेप बँडेज, थर्मामीटर, पोटदुखीच्या गोळ्या. बस.

निवृत्त मुख्याध्यापक
बाळ, तुझी कळकळ पोचली. तरी माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट सांगतो. एका वर्गात साठ मुलं. त्यात कुणाला दमा, कुणाला फिट येते, कुणाला मधुमेह. शिक्षकाकडे निवडणुकीची कामं, सरकारच्या यूडायस पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराचा हिशेब. आता इंजेक्शनही त्यानेच द्यायचं? काही कमीजास्त झालं तर पालक आधी शिक्षकाची कॉलर धरतील. इतकं नाजूक मूल असेल तर पालकांनी डबा घरचाच द्यावा, बाहेरचं खाऊ नको असं बजावावं. शाळा म्हणजे दवाखाना नव्हे.

हडपसरची आई
सरांशी सहमत. आज शेंगदाणा, उद्या दूध, परवा गहू. सकाळी सातच्या शाळेसाठी पहाटे उठून डबा करणाऱ्या बाईला विचारा. पाकिटावर सगळं छापलेलं असतं, ज्यांना गरज आहे त्यांनी वाचून घ्यावं.

अकरावी कोथरूड
काकू, सगळं छापलेलं नसतं, म्हणून तर बोलतेय. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ज्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची घोषणा सक्तीची आहे त्यांत ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे जीव, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट आहेत. तीळ नाहीत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख बंधनकारक आहे. आपण संक्रांतीला घरोघरी तीळगूळ वाटतो आणि आपल्याच यादीत तीळ नाहीत. शिवाय वर्गात वाटलेल्या लाडवाला पाकीटच नसतं. तुमच्या डब्याला कुणी हात लावणार नाही. सगळ्यांना मिळून जे वाटलं जातं, त्याबद्दलच मी बोलतेय.

आकडे आधी
भावना बाजूला ठेवू. युरोप्रीव्हॉल या अन्न-अ‍ॅलर्जीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाच्या २०२० साली आलेल्या अभ्यासात भारतातल्या शाळकरी मुलांमध्ये संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचं प्रमाण ०.१४ टक्के होतं, हाँगकाँगमध्ये १.५ टक्के. हा मुख्यतः बाहेरचा प्रश्न आहे. आपल्या शाळांत मुलींना स्वच्छ स्वच्छतागृह नाही, निम्म्या पोरी अशक्त दिसतात. आधी काय करायचं? आणि २०१५ च्या लीप अभ्यासाने दाखवलंय की शेंगदाणा लवकर खाऊ घातला तर अ‍ॅलर्जी कमी होते. आपल्या आज्या तेच करत होत्या.

बालरोगतज्ज्ञ औंध
आकडा बरोबर, निष्कर्ष नाही. ०.१४ टक्के म्हणजे दोन हजार पटाच्या शाळेत दोन-तीन मुलं. त्या दोघा-तिघांसाठी रकाना, प्रशिक्षण आणि औषध एवढंच लागणार आहे. त्यासाठी स्वच्छतागृहाचा पैसा कापावा लागत नाही. लीपमधली बाळं ४ ते ११ महिन्यांची होती. ज्याला आधीच अ‍ॅलर्जी आहे त्याला "थोडं थोडं खाऊन सवय कर" असं घरी करायला लावणं धोक्याचं आहे. कृपा करून हा सल्ला पसरवू नका.

मात्र एक अडचण या मुलीने कमी लेखली आहे. बाहेरच्या देशांत पेनसारखं तयार इंजेक्टर असतं, मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते औषधाच्या साध्या दुकानात सहज मिळत नाही. मिळते ती १ मिलीची काचेची अँप्यूल, म्हणजे औषधाची बंद कुपी, स्वस्त. पण तिची मान मोडायची, सिरिंजमध्ये औषध ओढायचं, हवा काढायची, वजनाप्रमाणे मात्रा मोजायची, २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. समोर मूल घरघरत असताना. सरावाशिवाय शिक्षकाकडून ही अपेक्षा ठेवू नये. काही डॉक्टर मात्रा भरलेली सिरिंज लिहून देतात, ती दर काही महिन्यांनी बदलावी लागते. खरी मागणी सरकारकडे हवी, इंजेक्टर इथे परवडेल अशा किमतीत आणा.

निवृत्त मुख्याध्यापक
डॉक्टरांनी माझंच म्हणणं मांडलं. मात्रा चुकली तर जबाबदार कोण? अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे असं ऐकतो, ते शिक्षकाला आहे का?

वकील शिवाजीनगर
तुम्ही म्हणता ते मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ, ते रस्ते अपघातापुरतं आहे. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २७ बघा. १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेलं कृत्य सामान्यतः गुन्हा ठरत नाही. संमती घ्यायला वेळच नसेल तर कलम ३० आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्यातून सूट नाही. म्हणूनच पालकाची सही, डॉक्टरची चिठ्ठी आणि प्रशिक्षणाची नोंद, ही तिन्ही कागदपत्रं शिक्षकाचं संरक्षण आहेत. आज शाळांकडे यातलं काहीच नसतं. सर, कॉलर धरली जाईल ती आत्ताच्या परिस्थितीत.

मनपा शाळेतली बाई
मला वेगळी भीती आहे. पीएम पोषणमध्ये, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या सरकारी योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं द्यायची असतात. माझ्या वर्गातल्या काही मुलांचं दिवसातलं पहिलं जेवण तेच. शेंगदाणा, मटकी, सोयाबीन ही स्वस्त प्रथिनं. अ‍ॅलर्जीचा बाऊ झाला की वरचे लोक सोपा मार्ग धरतात, पदार्थच बंद. एका मुलाला जपताना बाकीच्यांच्या ताटातलं कमी होऊ नये. निवेदनात "कोणताही पदार्थ बंद करू नये" हे वाक्य ठळक घाला, मी आमच्या पालकसभेत वाचून दाखवते. इंजेक्शनचा मुद्दा मात्र वगळा, शिक्षक संघटना त्याच एका ओळीवर अडून बसतील.

अकरावी कोथरूड
बाई, ते वाक्य पहिल्याच ओळीत घालते. इंजेक्शनचा मुद्दा वगळणार नाही. आमच्या भागात संध्याकाळी १०८ ची गाडी कर्वे रस्त्यावर अडकलेली मी पाहिली आहे. रकाना भरून, खाऊची यादी पाठवूनही एखाद्या दिवशी चूक होणारच, आणि तेव्हा गाडी येईपर्यंतची मिनिटं शाळेच्याच हातात असतात. डॉक्टरांची सूचना मान्य, अँप्यूलऐवजी भरलेली सिरिंज आणि स्वखुशीने पुढे येणारे दोघं, कुणावर सक्ती नाही, असं लिहिते. सर, तुम्ही मसुदा वाचून खोडाल का? तुमच्या हरकती त्यात आधीच आलेल्या हव्यात.

निवृत्त मुख्याध्यापक
पाठव. सक्ती नाही हे लेखी असेल तर वाचतो. माझा विरोध अजून आहे.