उत्तर: भरतीवाल्या पोरांसोबत पळावं का?

तालुक्याला पळणाऱ्यांचा क्लब नसेल तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा ग्रुप धरा, असं एकानं सुचवलंय. अर्धंच पटलं. पोरं पहाटे नेमानं येतात, आळस करू देत नाहीत, हे खरं. पण पोलीस शिपाई भरतीत मुलांना पळायचे 1600 मीटर आणि 100 मीटर, मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 गुण एकट्या 1600 चे. त्यामुळे रोजचा सराव जीव तोडूनच. मी दारव्ह्याकडे असताना हाफ मॅरेथॉनची, म्हणजे 21 किलोमीटरची, तयारी अशाच ग्रुपात केली. दीड महिन्यात नडगी धरली, पंधरा दिवस घरी बसलो. चूक माझीच, पोरं बिचारी त्यांच्या परीक्षेसाठी पळत होती.

आता त्यांच्यासोबत मंगळवारीच जातो, बाकी दिवस दोन मास्तरांबरोबर गप्पा मारत हळू. म्हणून ग्रुप निवडताना एकच विचारा: रविवारी लांब अन् सावकाश कोण पळतं? आणि पावसाळ्यात कुठं पळता तेही. पांदणीतल्या काळ्या मातीत चार पावलांत जोडा किलोभराचा होतो, तेव्हा डांबरी रस्त्यावर अंधारात एकट्यापेक्षा तिघं बरे. कुत्र्यांसाठीही.