मॉरिशस: किनारा निवडताना यादी बघावी की वारा?

खारावारा (धागाकर्ता)

मॉरिशसला जाणारी आपली मंडळी वाढली आहेत, आणि त्यात नवल नाही. व्हिसाला पैसे नाहीत, मुंबईहून थेट विमान आहे, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. पण किनारे ठरवायची आपली तऱ्हा बघून कपाळावर हात मारावासा वाटतो. 'सर्वोत्तम दहा बीच' अशी कुठली तरी यादी टूरवाल्याला पाठवायची, मग तो त्यातले तीन-चार एका दिवसात उरकून देतो. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, फोटो, परत गाडीत.

माझं म्हणणं असं की तिथल्या किनाऱ्यांना नंबर देता येत नाहीत, कारण जानेवारीतला आणि जुलैतला किनारा एक नसतो. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जवळपास वर्षभर असतात, आणि जून ते सप्टेंबर ते जोरात असतात. बेल मार, पालमार, त्रू दो दूस हा सगळा पूर्व किनारा त्या वाऱ्याच्या तोंडावर. वाळू पांढरीशुभ्र, पण ती उडून डोळ्यांत जाते आणि संध्याकाळी पाण्यातून बाहेर आलं की दात वाजतात. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला किंवा वायव्येला त्रू ओ बिशला पाणी शांत असतं, कारण मधला डोंगराळ पठारी भाग वारा अडवतो. वारा आपला पाऊसही पठारावरच टाकतो. क्युरपीपला छत्री उघडावी लागते आणि तासाभराच्या अंतरावर पश्चिमेला कडक ऊन, हे तिथं रोजचं आहे.

म्हणून माझा नियम साधा. जून ते सप्टेंबर पश्चिम आणि वायव्य. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढे वारा पडला की पूर्व. आणि पूर्वेचं इल ओ सर्फ बेट कधीच नाही. स्पीडबोटींचा गोंगाट, पॅराशूट, केळ्याच्या आकाराच्या बोटी, रांगेतलं बार्बेक्यू. त्यासाठी हिंदी महासागर ओलांडायची गरज काय?

जाता जाता: ल मोर्नजवळचा तो 'समुद्राखालचा धबधबा' किनाऱ्यावरून दिसत नाही. वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे उतरत गेल्याने वरून बघताना तसा भास होतो. हेलिकॉप्टरचे पैसे भरणार नसाल तर यादीतून काढून टाका.

अनघा_ठाणे

पूर्ण असहमत. तुमचा नियम एकट्या-दुकट्या पोहणाऱ्या माणसासाठी आहे. बरोबर चार वर्षांचं पोर आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असल्या की वाऱ्याचं गणित दुय्यम होतं.

आम्ही पूर्वेलाच राहिलो, आणि तेही वाऱ्याच्या दिवसांत. पाणी कमरेच्या वर जाईना. प्रवाळाची भिंत लांब बाहेर आहे, मोठ्या लाटा तिथेच फुटतात, पांढरी रेघ दिसते फक्त. आत पोर तासन् तास डुंबत होतं. पायाखाली मऊ वाळू. तुमच्या लाडक्या फ्लिक आं फ्लाकला पाण्यात शिरतानाच मेलेल्या प्रवाळाचे तुकडे टोचतात, त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. सासूबाई तिथे दोन पावलं गेल्या आणि माघारी आल्या.

वारा होता, नाही म्हणत नाही. सकाळी कमी, दुपारी जास्त. म्हणून सकाळी पाण्यात आणि दुपारी खोलीत झोप. सुट्टीत आणखी काय हवं असतं?

खारावारा

अनघाताई, टोचतात हे खरं. रबरी बूट घालायचे, सगळीकडेच घालायचे. मऊ वाळूवरही. उथळ पाण्यात दगडमासा असतो, तो खरोखर दगडासारखा पडून राहतो आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात. काटेरी गोळ्यासारखे समुद्री साळूही (सी अर्चिन) असतात. 'आमच्याकडे मऊ वाळू आहे' म्हणून अनवाणी फिरणं मला पटत नाही.

आणि सकाळी दोन तास पाणी, बाकी दिवस खोलीत, हे करायचं तर महागडं रिसॉर्ट घेऊन पूर्वेलाच का जायचं?

ट्रिपवाला_नाना

मी ग्रुप घेऊन जातो, त्यामुळे माझ्या पोटावर पाय येतोय हे आधीच सांगून टाकतो. :)

इल ओ सर्फला नावं ठेवणं आता फॅशन झालीय. अहो, तीस जणांच्या ग्रुपमध्ये पोहता येणारे पाच असतात. बाकीच्यांनी तुमच्या शांत किनाऱ्यावर काय करायचं? बघत बसायचं? साताऱ्याच्या एका काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पॅराशूट बांधून घेतलं. खाली उतरल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होता. त्यांना लाटांचा आवाज ऐकत चिंतन नको होतं, गंमत हवी होती. बोटीत बसा, ग्रँड रिव्हर साउथ ईस्ट नदीचा धबधबा बघा, बेटावर जेवा, पाण्यात पाय बुडवा, संध्याकाळी परत. पाच रात्रींच्या सहलीत एक दिवस असा हवाच.

गर्दी टाळायची तर सकाळची पहिली बोट पकडा आणि धक्क्यापासून बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे चालत जा. बहुतेक लोक जिथे उतरतात तिथेच चटई टाकतात.

एबेनकर

कामानिमित्त इथेच राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचतो.

खारावारा, 'पश्चिम म्हणजे शांत' हे अर्धंच आहे. ल मोर्न पश्चिमेच्याच टोकाला आहे आणि तिथे वारा डोंगराला वळसा घालून असा येतो की जगभरचे काइटसर्फर, म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावर घसरणारे, त्यासाठीच तिथे येतात. तामारांही पश्चिमेलाच. तिथे नदी समुद्राला मिळते. गोड पाण्यात आणि गाळात प्रवाळ वाढत नाही, म्हणून भिंतीला खिंडार आहे आणि लाट थेट आत येते. सर्फिंग करणारे खूश, लहान मुलांसाठी ते पाणी नाही. नकाशावरची दिशा बघून भागत नाही, समोर भिंत सलग आहे की तुटलेली हेही बघावं लागतं. दक्षिणेला ग्री ग्रीला तर भिंतच नाही. लाटा थेट कड्यावर आपटतात. बघायला सुंदर, पाण्यात उतरायचं नाही. तरी दरवेळी कोणीतरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा असतोच, आणि बऱ्याचदा आपल्याकडचाच असतो.

अनघाताई, रिसॉर्टपुढच्या वाळूला 'आमचा बीच' म्हणू नका. इथे भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सगळ्यांचा आहे. आरामखुर्च्या हॉटेलच्या, वाळू नाही. लोकांना हे अजून भांडून सांगावं लागतं. पोंपोनेतच्या किनाऱ्यावर हॉटेल होणार म्हटल्यावर स्थानिकांनी मोठं आंदोलन केलं होतं. 'आरेत कोकिन नू लाप्लाज' म्हणजे आमचे किनारे चोरणं थांबवा, या नावाचा गटच आहे.

आता माझं मत. वारा, वाळू सगळं बाजूला ठेवा आणि रविवारी मों श्वाझी किंवा फ्लिक आं फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जा. अख्खी खानदानं भाड्याची बस करून येतात. सुरूच्या झाडांखाली ताडपत्री, बिर्याणीचं मोठं पातेलं, पत्त्यांचा डाव. दुपार कलली की कोणीतरी सुरूच्या वाळक्या काड्यांचा जाळ करतं आणि त्यावर रावान धरतं. बकऱ्याच्या कातड्याची ती मोठी चपटी डफ शेकली नाही तर ढब्ब वाजते. बोट मारून बघतात, पुन्हा शेकतात, पुन्हा बघतात. सूर लागला की सेगा, म्हणजे इथलं पारंपरिक नाचगाणं, सुरू. हे कुठल्याच यादीत येत नाही, कारण 'गर्दी: जास्त' म्हणून असे किनारे बाद होतात.

अनघा_ठाणे

एबेनकर, 'आमचा बीच' असं मी कुठे म्हटलं? प्रतिसाद परत वाचा. :)
रविवारचं मात्र माहीत नव्हतं. आम्हाला हॉटेलवाल्यांनी 'संडेला पब्लिक बीच अव्हॉइड करा' असंच सांगितलं होतं.

एबेनकर

ते तसंच सांगणार. त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये कोण जेवेल मग? फ्लिक आं फ्लाकला रस्त्याकडेला गाडीवर दालपुरी मिळते, बीन्सचा रस्सा आणि चटणी घालून गुंडाळून देतात. बरोबर गरमागरम गातो पिमां, म्हणजे आपला डाळवडाच. शाकाहारी लोकांची सोय झाली.

कुर्लीदादा

एवढा उहापोह! आमच्या तारकर्लीला काय धाड भरलीय? वाळू आहे, पाणी आहे, स्कूबा आहे, वर सुरमईचं ताट. विमानाचे पैसे वाचतील ते वेगळेच.

खारावारा

दादा, तारकर्ली मलाही प्रिय, पण तुलना जुळत नाही. आपल्याकडे किनाऱ्यासमोर प्रवाळाची अशी सलग भिंत नाही, त्यामुळे लाट सरळ येते. पावसाळ्यात तर पाण्यात पाय ठेवायची सोय नसते आणि नद्यांचा गाळ वेगळाच. मॉरिशसला लोक जातात ते भिंतीच्या आतल्या त्या निवांत, काचेसारख्या पाण्यासाठी. जेवणात मात्र तुम्ही जिंकलात.

बाकी कोकणाचं तिथे नातं आहेच. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांत कोकणातले बरेच होते. फ्लिक आं फ्लाकच्या मागेच कास्कावेल आहे, जुनी मराठी वस्ती. बहुतेकांच्या घरी आता क्रेओल ही तिथली भाषा बोलतात, पण गणेश चतुर्थीची देशभर सरकारी सुट्टी असते.

पाणकोंबडी

कोणी ब्लू बेचं नाव घेईना म्हणून लिहिते. समुद्र वरून बघायचा असेल तर तुमचं चालू द्या. आत बघायचा असेल तर तिथे जा. २००० सालापासून ते सागरी उद्यान आहे, विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटांवर. पूर्वेच्या अंगाला असूनही प्रवाळ बघायला मला तेच सर्वांत आवडलं. म्हणजे खारावारांचा दिशेचा नियम इथेही गडबडला.

पण तिथली सगळ्यांची ठरलेली चूक: काचेच्या तळाच्या होडीत बसून समाधान मानायचं. काच ओरखडलेली, वर ऊन, खाली हिरवट धूसर काहीतरी. त्यापेक्षा मुखवटा आणि नळी घेऊन नावाड्याबरोबर पाण्यात उतरा. बोयांनी आखलेल्या हद्दीतच राहा, बाहेर खाडीत ओढ आहे. पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलेलं, काही मेलेलं दिसेल. पाणी तापल्याचा परिणाम. त्यावर पाय ठेवून उभं राहू नका एवढीच विनंती.

आणि हे सगळं किती नाजूक आहे ते २०२० मध्ये दिसलं. २५ जुलैला वाकाशिओ नावाचं जहाज तिथून जवळच, पॉइंट देस्नीच्या भिंतीवर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल बाहेर आलं. प्रवाहाने बरंचसं तेल उत्तरेला, माएबुर्गच्या बाजूला नेलं. लोकांनी उसाचा पाला पोत्यांत भरून त्याचे तरंगते बांध शिवले आणि पाण्यात सोडले.

ट्रिपवाला_नाना

पाणकोंबडीताई, माझ्या तीस जणांना पाण्यात उतरवून दाखवा, मग बोलू. काचेची होडी ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठीच आहे. मुखवटा लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांत निम्मे घाबरून वर येतात.

पाणकोंबडी

लाइफ जॅकेट घालून तोंड पाण्यात घातलं तरी दिसतं हो, नाना. तुमच्या त्या काकू पॅराशूटला घाबरल्या नाहीत, त्या इथे घाबरणार?

नवखा_नाशिक

वाद छान चाललाय, पण आमची तिकिटं काढून झालीत. ऑक्टोबरचा शेवट, दोघंच, पाच रात्री. पोहणं बेताचं. थोडक्यात सांगा.

खारावारा

ऑक्टोबरअखेर वारा बराच उतरलेला असतो आणि वादळांचे दिवस अजून लांब असतात, त्यामुळे तुमच्यापुढे बेट मोकळं आहे. मुक्काम त्रू ओ बिशला करा. उथळ, वाळू मऊ, सूर्यास्त समुद्रात. मों श्वाझी तिथून जवळ. एक सकाळ उत्तरेच्या पेरेबेर किनाऱ्यावर.

अनघा_ठाणे

आणि वारा उतरलाय हे तुम्हीच म्हणताय तर दोन रात्री बेल मारला काढा. सूर्योदय पश्चिमेला होत नाही.

ट्रिपवाला_नाना

बेल मारला आहातच तर त्रू दो दूसचा धक्का बाजूलाच आहे. पहिली बोट. खारावारांना कळवू नका.

पाणकोंबडी

परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटच्या दिवशी सामान गाडीत टाकून सकाळीच ब्लू बे. ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी घ्या. शंख, प्रवाळ काही उचलून आणू नका, वाळूत पडलेलं असलं तरी.

एबेनकर

पाच रात्रींत रविवार येतोय का ते आधी बघा. येत असेल तर त्या दिवशी मुक्काम उत्तरेलाच ठेवा आणि दुपारी तीननंतर मों श्वाझी. चटई घेऊन जा, भाड्याने मिळत नाही.

नवखा_नाशिक

येतोय. चौथ्या दिवशी. म्हणजे बेल मार आधी आणि उत्तर नंतर असं फिरवावं लागेल ना?

एबेनकर

हो. आणि रविवारी संध्याकाळी किनाऱ्यावरून परतणाऱ्या गाड्यांची लांब रांग लागते, तेव्हा चालत जाता येईल अशा ठिकाणीच खोली घ्या.