मामांची २४,००० किलोमीटर चाललेली सियाझ रोजच्या वापराला घ्यावी का?

मुठाकाठची
मामांची मारुती सियाझ घ्यावी की नाही यावर घरात दोन आठवडे वाद चाललाय, म्हणून इथे मांडते. २०१६ चं पासिंग, पेट्रोल, १.४ लिटरचं इंजिन, एमएच-१२ म्हणजे पुण्याचं पासिंग, मामाच पहिले मालक. रनिंग फक्त २४,०००. मामा कर्वेनगरला राहतात. गाडी कायम सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. रविवारी सारसबाग, मधूनच डेक्कनला बँकेत, वर्षातून दोनदा वाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मामांनी गाडी चालवणं सोडलं आणि मला म्हणाले, "तूच घे. बाहेरच्याला द्यायला हात होत नाही."

मी रोज वडगाव बुद्रुकहून खराडीला जाते. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, म्हणजे महिन्याला हजारभर. माझं मत घ्यावी असंच आहे. बाजारात एवढी कमी चाललेली गाडी दिसली की मीटर मागे फिरवलाय का, ही शंका आधी येते. इथे तो प्रश्नच नाही. ही गाडी घरी आली त्या दिवशी पेढे मीच वाटले होते. ज्यांना पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने बोला.

स्टेपनी
मला पटत नाही. मामांच्या शब्दावर तुमचा विश्वास आहे आणि तो असायलाच हवा, पण मीटर खरा असला म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. नऊ वर्षांत २४,००० म्हणजे महिन्याला सव्वादोनशे किलोमीटर. त्यातही कर्वेनगर ते सारसबाग एवढ्याशा फेऱ्या. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, आतली वाफ बाहेर पडत नाही, ती ऑइलमध्ये उतरते. ऑइल भरायचं झाकण काढा आणि खालच्या बाजूने बघा. लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर तिथेच थांबा.

मग टायर. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ दिसलं तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसेल आणि तीच फसवते, कारण आतून रबर वाळलेलं असतं. असा टायर एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगात फुटला तर काय होईल, विचार करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, गाडी चालो न चालो. कूलंट, बॅटरी, सस्पेन्शनचे रबरी बुश, एसीचे सील, सगळ्यांचं तेच. उभ्या गाडीत उंदीर घर करतात, त्यामुळे वायरिंग खालून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

एकच विचारतो. मामा सर्व्हिसिंग किलोमीटर बघून करायचे की वर्ष बघून? दहा हजारांनी करत असतील तर नऊ वर्षांत दोनदाच झालंय.

वाईकर
स्टेपनी, तुम्ही जे मोजलंत ते सगळं बदलता येतं. चार टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, दोन-चार बुश, चाळीस-पन्नास हजारांत आटपतं आणि एकदाच करायचं असतं. अनोळखी गाडीत जे लपवलेलं असतं त्याचं काय? २०१९ च्या सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याचा पूर आला, २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्याच नाहीत, असं कोण छातीठोक सांगेल? ही गाडी कुठे उभी होती, कोणी चालवली, कधी घासली, हे ताईंना तोंडपाठ आहे.

सियाझ २०२५ मध्ये बंद झाली म्हणून बिचकू नका. हेच १.४ चं इंजिन पहिल्या अर्टिगात होतं, त्याचं काम येणारा मेकॅनिक पुण्यात गल्लोगल्ली आहे. टायमिंगला चेन आहे, ठरावीक काळाने बदलावा लागणारा बेल्ट नाही. बंपर, मागचे दिवे वगैरे मात्र पुढे जरा शोधावे लागतील, तेवढं मान्य.

दुसरा गिअर
मी म्हणेन नवी डिझायर घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सहा एअरबॅग, ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे, वॉरंटी. शिवाय आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि २०१६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, म्हणजे ॲव्हरेज उतरणारच, आणि जुन्या रबरी नळ्यांवर होणारा परिणाम वेगळा. रोज नवले पुलाच्या उतारावरून, ट्रकांच्या मधून जायचं असेल तर एअरबॅग मोजाव्यात, मामांची माया नाही.

वाईकर
आणि हप्ता कोण भरणार? नव्या गाडीचे आठ-दहा लाख कुठे, ही कुठे.

कात्रजकर
गाडीबद्दल मला बोलायचं नाही, नात्याबद्दल बोलायचंय. मी माझ्या काकांची गाडी घेतली होती. तीही कमी चाललेली. काकांना क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय होती, हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या महिन्यात कात्रजच्या घाटात, आई-बाबा मागे बसलेले, गाडी ओढेना. इंजिन ओरडतंय आणि चाकं हलत नाहीत. टोइंग, नवा क्लच, सगळं मी गुपचूप भरलं. काकांना सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ते पैसे परत देणार आणि काकू वर्षभर मनात ठेवणार. पण न सांगितल्याचं ओझं माझ्यावर राहिलं. प्रत्येक सणाला काका विचारायचे, "कशी चाललीय आपली गाडी?" आणि मी खोटं बोलायचो. परक्याकडून घेतली असती तर भांडून मोकळा झालो असतो. म्हणून माझं मत नको. घेतलीतच तर घाटात चालवून बघा, चढावर थांबून पुन्हा उचला. क्लच तिथे कळतो.

प्राजक्त
ताई, किंमत किती ठरली? आणि मामांच्या मुलांना विचारलंत का?

मुठाकाठची
किंमतच तर अडलीय. मामा म्हणतात, "तुला जे द्यायचं ते दे." मामी काही बोलत नाहीत. मामेभाऊ बंगळूरला असतो, त्याला अजून विचारलं नाही.

प्राजक्त
"जे द्यायचं ते दे" यावर कधीही व्यवहार करू नका. कमी दिलंत तर मामींना लागेल, जास्त दिलंत तर तुम्हाला. जुन्या गाड्यांच्या दोन विक्रेत्यांकडे जा. ही गाडी ते कितीला घेतील आणि अशीच गाडी कितीला विकतात, दोन्ही विचारा. मधला आकडा घ्या, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा आणि तो हिशेब कागदावर मामा-मामींसमोर ठेवा. भावाला आधी फोन करा. गाडीत त्याचाही जीव असेल.

सही-शिक्का
घरातलीच गाडी आहे म्हणून नावावर करायचं राहून जातं, तसं होऊ देऊ नका. अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलंय. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरा. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, मामांकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे प्रीमियम वाढेल. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी आहे, एचएसआरपी, म्हणजे नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवली आहे का बघा. चलनं बाकी असतील तर तीही आधीच भरून टाका.

मुठाकाठची
काल धायरीच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी उचलून बघितली. स्टेपनी, झाकण स्वच्छ निघालं. सर्व्हिसिंगबद्दल विचारल्यावर मामांनी फाइल काढली, दर जूनचं बिल, सलग नऊ वर्षांचं. टायरबद्दल मात्र तुमचंच खरं, पाचही २०१६ चे. मागचे बुश तडकलेत आणि एका वायरचं वेष्टण उंदरांनी खाल्लंय. खर्च ५२,०००. कात्रजच्या चढावर दोनदा थांबवून उचलली, क्लच चांगला आहे.

मामांना टायरचं सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. इतकी जपली आणि तरी चुका निघाल्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाईट वाटलं, पण सांगितलं नसतं तर कात्रजकरांसारखं झालं असतं. मग मामींनीच कागद पुढे ओढला आणि ५२,००० स्वतःच्या हाताने वजा केले. भावाचं म्हणणं एवढंच, की वर्षातून दोनदा मामा-मामींना वाईला न्यायचं. गाडी घेतेय.

दुसरा गिअर
दोन एअरबॅगवर चाळीस किलोमीटर रोज. माझं मत बदललेलं नाही.

स्टेपनी
माझंही पूर्ण बदललेलं नाही, पण ती फाइल बघून अर्धं नक्की बदललं. टायर बदलेपर्यंत वाईला नेऊ नका.

मुठाकाठची
टायर उद्या सकाळीच बसतायत. मामा दुकानात बरोबर येणार आहेत.