गिटारचा पट्टा: गोव्याच्या पावसात अस्सल चामडं की सिंथेटिक?

खरजवाला, फोंडा
स्पष्टच लिहितो. गोव्यात राहून गिटारला अस्सल चामड्याचा पट्टा घेणं म्हणजे बुरशी पाळणं. पावसाळ्यात इथली आर्द्रता दिवसचे दिवस 80-90 टक्क्यांवर असते, आणि चामड्यातलं तेल अधिक आपला घाम हे बुरशीचं आवडतं खाद्य. जूनमध्ये गिटारच्या केसमध्ये, म्हणजे पेटीत, ठेवलेला पट्टा चतुर्थीला काढा, पांढरा-हिरवा निघेल. बरं, ती पट्ट्यापुरती थांबेल तर शपथ, केसच्या मखमलीतही शिरते. सिंथेटिकला ओलं फडकं मारलं की काम झालं, पैसेही कमी. जनावराचा प्रश्न वेगळाच. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नि लग्नात वाजवणाऱ्याला 'अस्सल'चा सोस कशाला?

सहातारी, म्हापसा
खरजवालेबाब, बुरशीचं खरं, पण सगळं सिंथेटिक एका मापाने मोजू नका. बाजारात 300-400 रुपयांना चामड्यासारखं दिसणारं जे मिळतं ते बहुधा पीयू. म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. ज्या दमट उकाड्याची भीती तुम्ही चामड्याला घालताय, तोच या थराला खातो. हवेतलं बाष्प त्याच्या रासायनिक साखळ्या तोडतं, आधी तो चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. वापरलं नाही, नुसतं कपाटात ठेवलं तरी हेच. ऑफिसातल्या खुर्च्यांचे हात बघा एकदा. बुरशी पुसता येते हो, सुटलेला पापुद्रा परत बसवता येत नाही.

रेक्झिनचं दुखणं आणखी वेगळं. ते पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात आणि ते हळूहळू बाहेर झिरपत राहतं. गिटारच्या लाकडावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप असेल, महागड्या गिब्सन कंपनीच्या गिटारींवर असतो तसा, तर पट्टा टेकतो तिथे लॅकर विरघळल्यासारखं मऊ पडतं आणि डाग कायमचा राहतो. साध्या गिटारींवर बहुतेक पॉली फिनिश, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक लेप, असतं, त्यांना हा धोका फारसा नाही. पण महागड्या गिटारवर रेक्झिनचा पट्टा गुंडाळून केस बंद करणाऱ्याला काय म्हणावं!

खरजवाला, फोंडा
माझ्याकडे गिब्सन नाही, त्यामुळे मी सुखी. पापुद्र्यांचं म्हणाल तर दोन-तीन वर्षांनी नवा घेईन, तरी तुमच्या एका चामड्याच्या पट्ट्याइतके पैसे जाणार नाहीत.

डिचोलीची बासवाली
दादा, बास वाजवता ना? मग खांद्याचं काहीच कसं नाही लिहिलंत? बास गिटार सहज चार किलोंची असते, तीन-तीन तास गळ्यात. पीयूची खालची बाजू गुळगुळीत असली की पट्टा शर्टावरून सरकतो, गिटारची मान जमिनीकडे झुकते आणि डावा हात सूर दाबायचा सोडून मान सावरत बसतो. चामड्याची आतली खरबरीत बाजू कापड धरून ठेवते. तीन इंच रुंद घेतला तर वजनही पसरतं.

मात्र कुठलंही चामडं उचलू नका. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं, छान टणक असतं आणि वर्षागणिक रंगतं, पण पाण्याचे डाग आणि बुरशी दोन्ही लवकर धरतं. इथे क्रोमने कमावलेलं बरं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने घाम पुसायचा, पट्टा वाऱ्यावर टांगायचा, उन्हात नाही, उन्हात तडकतो. आणि केसमध्ये कोंबायचा नाही. एवढंही होत नसेल तर मग नका घेऊ.

घुमटवाला, पेडणे
'जनावराचा प्रश्न वेगळाच' म्हणून खरजवाल्यांनी तो एका ओळीत उडवला. माझ्या मते तोच पहिला. आमच्या घुमटाला, म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेल्या वाद्याला, पिढ्यानपिढ्या घोरपडीचं कातडं चढायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं आणि आता बकऱ्याचं चढतं. जुने लोक नाद बदलला म्हणून कुरकुरतात, पण चतुर्थीच्या आरत्या काही थांबल्या नाहीत. ज्या वाद्याचा आवाजच कातड्यातून निघतो ते बदलू शकतं, तर ज्या पट्ट्यातून काहीच वाजत नाही त्यासाठी कातडं कशाला?

सहातारी, म्हापसा
बकऱ्याचंही कातडंच की हो! शिवाय पीयू झाडाला लागत नाही, खनिज तेलातून येतं, आणि त्याचे पापुद्रे शेवटी मातीतच जातात.

घुमटवाला, पेडणे
म्हणून मी पीयूची बाजू घेतलीच नाही. जाड विणीचा सुती पट्टा घ्या. धुता येतो, सरकत नाही.

सहातारी, म्हापसा
आणि त्याच्या टोकाला काय शिवलेलं असतं? बहुतेक चामड्याचाच तुकडा!

शॅकवाला, मोरजी
पट्टा तुटून गिटार पडलेली मी पाहिली नाही. पडते ती पट्ट्याच्या टोकाच्या भोकातून गिटारचं बटण, ज्याला पट्टा अडकवतात ते, निसटल्यामुळे. चामड्याचं भोक वापराने सैल होतं, पीयूचं थरांमधून फाटतं. शिवाय किनाऱ्यावरचा खारा वारा बटणाचा स्क्रू गंजवतो, तो लाकडातच ढिला होतो. बटणावर बाहेरून घट्ट रबरी वॉशर चढवा, जमलं तर स्ट्रॅपलॉक, म्हणजे पट्टा बटणाला पक्का अडकवणारी कळ, लावा, आणि मग भांडा खुशाल.

खरजवाला, फोंडा
स्ट्रॅपलॉक आहेच. बासवालीबाई, सरकण्याचा मुद्दा मानतो, त्यावर माझा तोडगा असा की सिंथेटिकच, पण खालून स्वेडसारखं, म्हणजे लव असलेल्या चामड्यासारखं, मायक्रोफायबर लावलेलं. अस्सल चामडं घेणार नाही, पावसात तर नाहीच.

डिचोलीची बासवाली
मायक्रोफायबर चालेल. पण घाम पुसायचा तोही असतोच, दादा.