पाडलेल्या घरांचा ढिगारा आणि भाताचं तूस: कोकणात याचं काँक्रीट करावं का?

पऱ्याकाठची

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून लिहिते आहे. इथे जुनी चिरेबंदी घरं पाडून स्लॅबची घरं बांधायचा सपाटा लागला आहे. बांधणाऱ्यांबद्दल तक्रार नाही, पावसात कौलं शाकारायला आता माणूस मिळत नाही हे मलाही माहीत आहे. पण पाडलेल्या घराचं पुढे काय होतं? चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, तुकडे, फुटकी मंगलोरी कौलं, चुना-मातीचा ढिगारा, आणि आता तर पहिल्या पिढीतल्या स्लॅबचे तुकडेसुद्धा. डंपर भरला की पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी नाहीतर खाडीच्या काठाला रिकामा होतो. पऱ्याची वाट अडली की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी खाचरात घुसतं आणि बांध फुटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या कामात सळी नाही, त्या प्रत्येक कामात आधी हा माल वापरावा, आणि ग्रामपंचायतीने आपल्या कामांच्या अंदाजपत्रकातच तसं लिहून घ्यावं. पायाखालचं पीसीसी (सळीशिवायचं साधं काँक्रीट), गटाराचा तळ, पाखाडीखालचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेखालचा थर, जोत्यातली भर. ही पळवाट नाही. खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस ३८३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत याला मान्यता आहे. फक्त काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ पर्यंतच्या सळीच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते (एम हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितकी ताकद जास्त). चिरा, वीट, कौल असा मिश्र माल असेल तर तो एम-१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालतो. आपल्याकडचा बहुतेक ढिगारा या दुसऱ्या जातीचा आहे.

दुसरी गोष्ट तुसाची. तुसाच्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते. नीट जाळून बारीक दळली तर थोडं सिमेंट कमी करून तिथे ही राख घालता येते. काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्येही तिचा उल्लेख आहे. मग आपण तूस उघड्यावर पेटवून धूर का काढतो?

विरोध असेल तर कारणासकट लिहा.

कॉलम-बीम

ताई, सळी नसलेल्या कामाबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण तुम्ही ते २० टक्के लिहिलंत ना, ते वाचून उद्या कोणीतरी घराच्या कॉलममध्ये हा माल घालेल, म्हणून आधी लिहितो. कोकण किनाऱ्यावर ते २० टक्के विसरा.

कारण मीठ. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ 'सिव्हिअर', म्हणजे हवा-पाण्याचा कडक मारा सोसणाऱ्या, वर्गात धरतं: किमान एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नाही, सळीवर ४५ मिमी काँक्रीटचं कव्हर. तुमची मान्यता एम-२५ लाच संपते, म्हणजे नियमानेही ते बसत नाही. शिवाय पाडलेला स्लॅब पाडला का जातो, ते बघा. खालून पोपडे पडून सळ्या दिसायला लागतात म्हणून. असा पडलेला पोपडा हातात घेतला तर आतल्या बाजूला सळीचा ठसा उमटलेला असतो, तांबडा, नखाने खरवडला की गंजाचे पापुद्रे निघतात. मिठातलं क्लोराइड त्या काँक्रीटच्या आत सळीपर्यंत पोचलेलं आहे, म्हणून हे झालं. तेच फोडून नव्या कॉलममध्ये घातलं, तर पुढच्या तीस वर्षांत वाऱ्याने जे मीठ आत जाणार ते आपण पहिल्याच दिवशी हाताने घातलं. ताज्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलो एवढीच क्लोराइडची मर्यादा आहे. आणि ढिगारा वर्षभर खाडीकाठी भरतीच्या पाण्यात पडलेला असेल, तर चिराही खारावतो.

सेंट्रिंगवाला

मी गावातली कामं घेतो, म्हणून सरळ लिहितो. हे कागदावर छान दिसतं. ढिगाऱ्यात फक्त चिरा आणि कौल असतं का? त्यात लाकडाचा भुसा, वायरी, प्लास्टिकच्या पिशव्या, झाडांची मुळं, शेणाचं सारवण, सगळं एकत्र. निवडायला बाया लावल्या तर त्यांची मजुरी कोण देणार? क्रशरवाला काळ्या दगडाच्या मशीनमध्ये माझा चिरा घेत नाही, त्याच्या खडीत लाल भुकटी मिसळते. आणि अंदाजपत्रकात ओळ नसेल तर बिल निघत नाही. मी चांगल्या मनाने जुना माल वापरला आणि तपासणीला साहेब आले, तर निकृष्ट काम म्हणून माझंच नाव लागणार.

शहरात कारखाने उभे राहतात, दिल्लीला बुराडीत २००९ पासून आहे. तिथे दिवसाला शेकडो टन ढिगारा एका जागी येतो. इथे एका वाडीत वर्षाला दोन-तीन घरं पडतात आणि दोन वाड्यांमध्ये घाट असतो.

भातखाचर

तुमी खंयच्या तुसाची गोष्ट करतास? आमच्या हय हलरच्या गिरणीत तूस नि कोंडो एकत्रच पडता, तो गुरांक लागता.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाण भाषेत. गावातल्या बहुतेक गिरण्या जुन्या हलरच्या आहेत. त्यात दाणा एकदाच घासून निघतो, त्यामुळे तूस आणि कोंडा वेगळे होतच नाहीत. पिंपात हात घातला की कळतं, वर खरखरीत तूस आणि बोटांना चिकटणारा पिवळसर तेलकट कोंडा. ही आमच्या म्हशीची पेंड आहे. स्वच्छ तूस मिळतं ते रबर रोलच्या शेलर गिरणीत, म्हणजे रायगडकडे, कर्जतच्या बाजूला मोठ्या गिरण्या आहेत तिथे. आणि तिथेही ते पडून नसतं. वीटभट्टीला जातं, कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला जातं. 'शेतीचा कचरा' हा शब्दच मला पटत नाही. आमच्याकडे पेंढा गुरांना, नारळाची सोडणं बंबाला, करवंट्या चुलीला. उरतं काय?

कॉलम-बीम

भातखाचर, तुमचा मुद्दा आकड्यात मांडतो. एक टन भातातून साधारण २०० किलो तूस निघतं, त्यातून जळून साधारण ४० किलो राख. सिव्हिअर वर्गात घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट लागतं. त्यातलं १० टक्के राखेने बदलायचं तर ३२ किलो राख, म्हणजे ८०० किलो भात. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब जवळपास १२ घनमीटर होतो. एका घराच्या एका स्लॅबला साडेनऊ टनांहून जास्त भाताचं तूस. हेक्टरी तीन टन पीक धरलं तरी तीन हेक्टरांहून जास्त शेत. कोकणात गुंठ्यांत जमीन मोजणाऱ्या माणसाला हे सांगून बघा.

आणि 'नीट जाळून' हे ताईंनी दोन शब्दांत लिहिलं, खरं काम तिथेच आहे. ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, तापमान सांभाळून जाळलं तरच सिलिका क्रियाशील राहते. त्याहून जास्त तापली की तिचे स्फटिक होतात आणि ती चुन्याशी रासायनिक क्रिया करायची जवळजवळ थांबते. ढीग करून पेटवलं तर बाहेरून पांढरी आणि आत काळीकुट्ट राख मिळते, त्यात न जळलेला कार्बन असतो. ती राख पाणी पिते, मिस्त्री वरून पाणी ओततो, आणि ०.४५ चं प्रमाण गेलं.

चाकरमानी

मुंबईहून वाचतो आहे, पुढच्या वर्षी गावचं घर बांधायचं आहे. करवंटीच्या तुकड्यांचा स्लॅब हलका होतो असं वाचलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनच्या बाजूला माडा-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, तरी नारळ अजून भरपूर आहे. मग खडीऐवजी करवंटी का नको? डोंगर तरी कमी फुटतील.

कॉलम-बीम

दादा, करवंटीचं काँक्रीट प्रयोगशाळेत होतं, हलकंही होतं. पण करवंटी पाणी फार पिते, म्हणून आधी दिवसभर भिजवून, वरून निथळून मगच घालावी लागते. सोडणाचे धागे चिकटलेले राहिले तर त्यातल्या टॅनिनने आणि साखरेने सिमेंट उशिरा धरतं. स्वतःच्या राहत्या घराच्या स्लॅबवर हा प्रयोग करू नका. गच्चीवर उताराची भर, जिथे वजन कमी हवं आणि सळी नाही, तिथे ठीक. काजूच्या टरफलाबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगतो, नको. त्यातल्या तेलाने कातडी भाजते, कारखान्यातल्या बायकांच्या हातांकडे बघा. ते मिस्त्रीच्या हातात देऊ नका.

स्लॅगचा पक्षपाती

मी या सगळ्याच्या विरोधात आहे, आणि माझं कारण पर्यावरणाचंच आहे. एक टन सिमेंट करताना साधारण ०.६ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा खरी बचत सिमेंट कमी करण्यात आहे. त्यासाठी कर्जतहून तूस का वाहायचं? रायगडात डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, तिथल्या भट्टीचा स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवताना उरणारी मळी, दळून सिमेंटमध्ये जातो. आयएस ४५५ च्या स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग असू शकतो, आणि खाऱ्या हवेत ते साध्या सिमेंटपेक्षा चांगलं टिकतं. जयगडला औष्णिक वीज केंद्र आहे, त्याची फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, आहे. गोणीत तयार मिळतं, प्रत्येक गोणी सारखी. गावोगाव राखेच्या भट्ट्या लावणं म्हणजे गुणवत्ता प्रत्येक गिरणीवाल्याच्या हातात देणं.

गडगा

एक वेगळा विरोध. चिरा फोडताच कशाला? जुना खाणीतला चिरा दोनदोन पिढ्या पावसात उभा राहिलेला असतो. साबूत निघालेला चिरा गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला लावा, विहिरीच्या कठड्याला लावा. आमच्याकडे जुना चिरा नव्याच्या निम्म्या भावात लोक मागून नेतात. जेसीबीने घर पाडलं तर पाच मिनिटांत सगळ्याचा चुरा होतो, माणसांनी वरून उतरवलं तर बराचसा अख्खा निघतो. फुटकं कौल दळून त्याची सुर्की करता येते. चुना आणि सुर्कीत बांधलेले हौद अजून पाणी धरून आहेत.

चिपळूणकडचा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानाच्या माळ्याला लागलं होतं. त्या पुराची कारणं बरीच होती आणि सगळं खापर ढिगाऱ्यावर फोडणार नाही. पण त्यानंतर नदीतला गाळ काढताना काय काय वर आलं ते मी काठावर उभं राहून बघितलं आहे. काँक्रीटचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, नदीत टाकायला मात्र आधी बंदी करा. बांधकाम-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वेगळं करण्याची खास जबाबदारी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन ढिगारा करणाऱ्यावर होती. २०२५ च्या नव्या नियमांतली उत्पादकाची वाढीव जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना आहे. गावातलं एक घर यात कुठेच येत नाही. ग्रामपंचायतीने स्वतः ठराव केला तरच काही होईल.

पऱ्याकाठची

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

गडगा, तुमचं पूर्ण मान्य. अख्खा चिरा आधी बाजूला, मग फोडणं. भातखाचर, गुरांच्या तोंडचा कोंडा काढून काँक्रीटमध्ये घाला असं मी कधीच म्हणणार नाही. तुसाचा मुद्दा कर्जत-पनवेलच्या शेलर गिरण्यांपुरता, आणि तोही जिथे तूस उघड्यावर जळतं तिथे.

स्लॅगचा पक्षपाती, घरासाठी सिमेंट घेताना तुमचा सल्ला चांगला आहे. पण स्लॅग सिमेंटने पऱ्यातला ढिगारा हलत नाही. मी दोन वेगळ्या प्रश्नांबद्दल बोलते आहे, तुम्ही एकाचं उत्तर देऊन दुसरा मिटवता आहात.

सेंट्रिंगवाले दादा, तुमचाच विरोध मला सर्वांत खरा वाटतो, कारण काम तुम्हालाच करायचं आहे. निवडण्याची मजुरी अंदाजपत्रकात यायलाच हवी. आज डंपर पऱ्यात रिकामा करणं फुकट आहे म्हणून निवडणं महाग वाटतं. घर पाडायचा दाखला देताना ग्रामपंचायतीने अनामत रक्कम घ्यावी, ढिगारा निवडून ठरलेल्या जागी, भरतीच्या रेषेपासून लांब, पोचवला की परत द्यावी. चिरा फोडायला मोठा क्रशर नको. चिरा मऊ असतो, लहान जबड्याचं यंत्र पाच-सहा गावांत मिळून फिरवता येईल.

सेंट्रिंगवाला

अनामत ठीक आहे, सगळ्यांना सारखी लावली तर. आमच्या गावात ओळखीच्याला माफ होते, ते नको.

पण पाखाडी मी तुमच्या मालात करणार नाही. आमची पाखाडी डोंगरउतारावर आहे, पावसाळ्यात तिच्यावरून पाण्याचा लोट येतो. चिऱ्याचा तुकडा बादलीत टाकून बघा, किती वेळ बुडबुडे येत राहतात. काळ्या खडीला असं काही होत नाही. चिऱ्याचं लीन काँक्रीट वर उघडं ठेवलं तर एका पावसात वरचा थर धुऊन जाईल. आणि पेव्हर ब्लॉकचं कोणी सुचवू नका, नुसत्या चालायच्या वाटेच्या ब्लॉकलाही एम-३० लागतं. गटाराच्या तळाखाली, पायाच्या खाली, जोत्यात, एवढं मला मान्य. उघड्यावर नाही.

कॉलम-बीम

बरोबर, आणि म्हणून चिऱ्याची खडी आदल्या दिवशी भिजवून ठेवायची. कोरडी घातली तर मिश्रणातलं पाणी तीच पिऊन टाकते आणि सिमेंट तसंच राहतं. अजून एक. राख किंवा स्लॅग घातलेल्या काँक्रीटला पाणी जास्त दिवस मारावं लागतं, आयएस ४५६ किमान १० दिवस म्हणतं. आपल्याकडे बांधकामं एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळाला गेल्यावर चालतात. असली कामं दिवाळीनंतर लगेच घ्या, तेव्हा पाणी असतं.

पऱ्याकाठची

पाखाडी यादीतून काढली. गटाराच्या तळाखालचा थर, पायाखालचं पीसीसी आणि जोतं ठेवलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे आणि अनामतीचा ठराव मांडते आहे. शाळेमागच्या गटाराचं काम यंदा व्हायचंच आहे, त्याच्या एका टोकाला चिऱ्याचा माल आणि दुसऱ्या टोकाला नेहमीची खडी, असं करता येईल का?

कॉलम-बीम

येईल. दोन्हींचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, वेगळे भरा आणि जवळच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत पाठवा. ढिगारा खाडीकाठचा असेल तर क्लोराइडची तपासणी आधी, क्यूब नंतर. राख वापरणार असाल तर २८ दिवसांबरोबर ५६ दिवसांचेही क्यूब ठेवा, तिची ताकद उशिरापर्यंत वाढत राहते.

सेंट्रिंगवाला

काम माझ्याकडे आलं तर क्यूबचे साचे मी देतो. तपासणीची फी अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या, ती माझ्या बिलातून कापली जाऊ नये.