लसीनंतरचे तापाचे औषध: आधी द्यावे की ताप आल्यावर?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात मी बाळाला घेऊन जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात माहेरी जात आहे आणि त्याची पुढची लस गावातल्या अंगणवाडीतच टोचून घ्यावी असा विचार आहे. इंग्लंडमध्ये आठव्या आठवड्याच्या लसींच्या वेळी नर्सने, तापाची वाट न पाहता, लस टोचताच पॅरासिटामॉल द्यायला सांगितले होते. आईला मात्र गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी ताप आला तरच औषध द्या, असे बजावले आहे. कोणाचे ऐकावे, हे मंडळातील डॉक्टरांनी कृपया सांगावे.

*

ताई, नमस्कार.

दोघींचेही बरोबर आहे, कारण लसी वेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये 2015 पासून तान्ह्या बाळांना मेनिन्जायटिस बी (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक जंतुसंसर्ग) ची लस देतात. ती इतर लसींबरोबर दिली की ताप बऱ्याच बाळांना येतो, आणि पॅरासिटामॉलमुळे त्या लसीचा परिणाम कमी होत नाही असे अभ्यासांत दिसल्यामुळे, तिथे चार ते सहा तासांच्या अंतराने पॅरासिटामॉलचे तीन डोस आधीच ठरवून दिले जातात. भारतात आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नाही. अंगणवाडीत मिळते ती पेंटाव्हॅलेंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारा एक जंतू) यांची. तिनेही ताप येतो, मांडीला सूज येते. पण 2009 साली चेक प्रजासत्ताकातील 459 बाळांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला असला तरी काही लसींची प्रतिपिंडेही (शरीरात तयार होणारी, रोगाशी लढणारी प्रथिने) कमी तयार झाल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनाही लसीपूर्वी किंवा लसीच्या वेळी असे औषध देण्याची शिफारस करत नाही. म्हणून यावलला आशाताईंचेच ऐका. ताप आला किंवा बाळ दुखण्याने कळवळू लागले, तर मात्र औषध द्यायला कचरू नका.

मला खरी काळजी बाटलीची वाटते. तुमच्याकडच्या इंग्लंडमधल्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 मिलिग्रॅम औषध असते, त्यामुळे 2.5 मिली म्हणजे 60 मिलिग्रॅम. जळगाव-भुसावळच्या मेडिकलमध्ये तान्ह्या बाळासाठी मिळणाऱ्या ड्रॉप्समध्ये मात्र बहुधा एकाच मिलीत 100 मिलिग्रॅम असते, म्हणजे सवयीने 2.5 मिली पाजले तर 250 मिलिग्रॅम पोटात जाईल, चौपटीहून जास्त. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसभरात चारहून जास्त डोस नाहीत. सहा किलोच्या बाळाला त्या ड्रॉप्सचे 0.6 मिली पुरते. लेबल वाचल्याशिवाय ड्रॉपर भरू नका, आणि घरातल्या मोठ्यांची ॲस्पिरिन तर बाळाला कधीच देऊ नका.

*

डॉक्टरसाहेब, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. बाळ उन्हाने तापले की लसीने, हे कसे ओळखावे?

*

दादा, हात लावून ते कळणार नाही. दुपटी काढून बाळाला गार खोलीत ठेवा, वारंवार अंगावर पाजा, आणि थोड्या वेळाने काखेत थर्मामीटर लावा. लसीचा ताप बहुतेक वेळा दोन दिवसांत उतरतो. तो त्याहून लांबला, बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, झटका आला किंवा तीन तासांहून अधिक सतत रडत राहिले, तर तापाच्या औषधाचा पुढचा डोस देत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.