तिसरीचं मॅथ आणि लँग्वेज आर्ट्स, कोणाला काही कळतंय का?

नमस्कार मंडळी,

लेक यंदा इथे अमेरिकेत तिसरीत आहे. परवा होमवर्कला ५२ वजा २८ होतं, मी आपलं सरळ शिकवलं की दोनातून आठ जात नाहीत, मग शेजारून एक दशक घ्या, बारातून आठ गेले चार, उत्तर २४. वही परत आली तर उत्तराला टिक आणि खाली शेरा, "विचार दाखव". अहो वजाबाकीत विचार तो काय दाखवायचा? शिवाय लँग्वेज आर्ट्सला (म्हणजे इंग्रजी वाचन-लेखनाला) गोष्ट वाचून "तुला कसं कळलं" असं प्रत्येक प्रश्नाखाली. ती म्हणते कळलं म्हणून कळलं! कोणी यातून गेलंय का?

---

ताई, आम्ही गेलोय, मुलगा आता पाचवीत आहे.

बहुतेक राज्यांची स्टँडर्ड्स (कोणत्या इयत्तेत काय यायला हवं याची यादी) २०१० च्या कॉमन कोअर नावाच्या सामायिक यादीवरून आलीत, नाव बदललं असलं तरी गाभा तोच. त्यात आपली उभी मांडणी चौथीत पक्की करायची असते, मोठ्या आकड्यांचा उभा गुणाकार पाचवीत आणि लांबलचक भागाकार तर थेट सहावीत. तोवर नंबर लाइन, म्हणजे आकड्यांच्या रेघेवर उड्या. २८ वरून २ उड्या मारल्या की ३०, मग २० पुढे ५०, मग २, झाले २४. दुकानदार सुटे परत देताना हेच करतो की. आणि २३ गुणिले १४ ला चौकोनाचे चार तुकडे, २००, ८०, ३०, १२, बेरीज ३२२. मी आधी खूप चिडचिड केली, आता मात्र मनातल्या मनात मीच असं करतो :)

पाढे मात्र सोडू नका. तिसरीच्या अखेरीस एक अंकी गुणाकार तोंडपाठ हवेत असं त्यांच्याच स्टँडर्डमध्ये लिहिलंय, तेव्हा बे एके बे चालू द्या बिनधास्त.

---

मी शाळेत रीडिंग व्हॉलंटियर आहे म्हणून थोडं लँग्वेज आर्ट्सबद्दल.

"कसं कळलं" म्हणजे धड्यातली ओळ दाखव, एवढंच. तिसरीत नेमकं हेच मागतात, उत्तर मजकुराच्या आधारावर हवं, स्वतःच्या अंदाजावर नाही. ओपिनियन रायटिंगलाही तेच, मत सांग आणि कारणं दे. (आमच्याकडे याला ओरिओ म्हणतात, ओपिनियन, रीझन, एक्झांपल, पुन्हा ओपिनियन. मला आधी वाटलं डब्यात बिस्किटं द्यायचीयेत.)

पण मला वाटतं खरी अडचण मॅथच्या शब्दांत आहे. परवाचंच उदाहरण, एकाकडे १२ गोट्या, त्या दुसरीपेक्षा ५ ने कमी, तर दुसरीकडे किती? वर्गातल्या निम्म्या पोरांनी "फ्युअर" (कमी) दिसलं की वजाबाकी केली आणि ७ लिहिलं. उत्तर १७. गणित येतं त्यांना, वाक्य नीट वाचलेलं नसतं. तेव्हा घरी आधी "कोणाकडे जास्त?" एवढंच विचारा, आकडे नंतर. मराठीत विचारलंत तरी चालतं, उलट बरंच.

अहो पण काका, उड्यांच्या पद्धतीत वेळ फार जातो हो, मोठ्या आकड्यांना तर पानच्या पान. त्या बाबतीत मी ताईंच्या बाजूने.

---

सगळ्यांना थँक्स. काल उड्या मारून बघितल्या. मी म्हटलं अठ्ठावीसच्या पुढे एकोणतीस, तर म्हणाली एकोणतीस म्हणजे काय, ट्वेंटी नाइन तर सोपं आहे. मग सांगितलं एकोण म्हणजे एक उणा, तीसला एक कमी. अर्धा मिनिट गप्प, मग म्हणे, "आई, म्हणजे मराठीत आकड्यातच वजाबाकी?" आणि एकोणचाळीस, एकोणपन्नास स्वतःच म्हणत सुटली. एकोणनव्वदनंतर नव्याण्णवला मात्र अडकली, आणि मीही.

त्या नव्याण्णवचं कोणाला माहितीये का?